आधी बातमी, मग सत्कार

कॉलेजात कारकुनाला नाव नसतं. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सगळे 'भाऊसाहेब' म्हणतात आणि काम सांगतात. आमच्या कला महाविद्यालयाच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली, पण माझं आडनाव जाधव आहे हे निम्म्या प्राध्यापकांना माझ्या निरोप समारंभाच्या बॅनरवर वाचून कळलं. त्याचं मला काही वाटत नाही. त्या नोकरीनं इतकं दिलं की तक्रार करायला तोंड नाही. कॉलेज परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. कोणतं ते सांगत नाही. ज्याला ओळखायचं तो ओळखेल, बाकीच्यांचं काही अडत नाही.

पगारपत्रकं, स्कॉलरशिपा, परीक्षेचे फॉर्म ही कामं सगळेच कारकून करतात. माझ्याकडं एक जास्तीचं काम होतं, कॉलेजच्या बातम्यांचं. माझं अक्षर बरं आणि मी याच कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालेलो, एवढ्या दोन गुन्ह्यांवर तेव्हाच्या प्राचार्यांनी ते माझ्या गळ्यात बांधलं. कुणी व्याख्यान दिलं, कुणाला बक्षीस मिळालं, कुणाचा सत्कार झाला, की बातमी लिहायची आणि गावातल्या वार्ताहरांना पोचवायची. सुरुवातीला कार्बन घालून लिहायचो आणि पाकिटं परभणीच्या एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचो. मग फॅक्स आला, तोही गेला, आता व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे. यंत्रं बदलली, बातमी मात्र तीच राहिली.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातली एक गोष्ट ठाऊक नसते. कॉलेजची बातमी कार्यक्रमाच्या आधी लिहितात. हसू नका. पेपरवाल्यांना मजकूर दुपारपर्यंत पाहिजे असतो. आमचा कार्यक्रम पत्रिकेवर अकराचा. पाहुणे घरून निघतात बाराला, वाटेत कुणाकडं तरी चहा घेतात, आणि दिवा लागेस्तोवर पोरं भुकेनं बेजार झालेली असतात. तेवढं थांबलं तर बातमी परवावर जाते, आणि परवाची बातमी कुत्रं विचारत नाही. म्हणून सकाळीच लिहून टाकायची. मी 'उत्साहात संपन्न झाला' असं लिहायलो आणि मागं शिपाई अजून सतरंज्या झटकायलाय, असं कितीदा झालं असेल.

पाहुणे काय म्हणाले तेही मीच ठरवायचो. 'ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांनी न्यूनगंड सोडावा' हे वाक्य मी किती साहेबांच्या तोंडी घातलं त्याला गणती नाही. एकदा एक मोठे अधिकारी आले आणि तासभर स्वतःच्या मुतखड्याच्या ऑपरेशनवर बोलले. दुसऱ्या दिवशी पेपरात ते युवाशक्तीवर बोललेले होते. आता बोलणी बसणार, असं मी धरून चाललो. तेवढ्यात त्यांचाच फोन. म्हणाले, काय नेमके मुद्दे पकडलेत हो तुम्ही. तेव्हापासून माझी भीड चेपली.

गिऱ्हाईकंही एकेक इरसाल. आमचे भूगोलाचे सोळंके सर, माणूस लाखाचा, शिकवायलाही चांगले, पण छापून यायची हौस दांडगी. त्यांच्या एका पीएच.डी.च्या मी चार बातम्या दिल्या. प्रबंध सादर झाला तेव्हा एक, तोंडी परीक्षा झाली तेव्हा एक, पदवी मिळाली तेव्हा एक, आणि त्याबद्दल सासुरवाडीला सत्कार झाला त्याची एक. पाचवी मागायला आले तेव्हा मी हात जोडले. म्हणालो, सर, आता लोकांना वाटायलंय तुम्ही चार विषयांत पीएच.डी. केली. ते म्हणाले, वाटू द्या की.

आमच्या बातमीला एक शेपूट असतं. 'कार्यक्रमाच्या यशस्वितेसाठी अमुक, तमुक आदींनी परिश्रम घेतले.' ज्यांनी खरोखर खुर्च्या उचलल्या, पाणी भरलं, त्यांची नावं तिथं येतात. आणि पेपरात जागा कमी पडली की कात्री खालून लागते. मी ती नावं दर वेळी न चुकता लिहायचो आणि ती दर वेळी न चुकता उडायची. याची रुखरुख मात्र मला शेवटपर्यंत राहिली.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती सुभद्राबाईंची. त्यांना विचारूनच लिहितोय. नाव बदला, एवढंच त्या म्हणाल्या, म्हणून बदललंय.

सुभद्राबाई आमच्या मुलींच्या वसतिगृहात सेविका. माहेर सोनपेठकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीतलं. त्यांच्या वडलांची, म्हणजे तात्यांची, उभी हयात ऊसतोडीत गेली. आमच्या वसतिगृहातल्या निम्म्या पोरीही ऊसतोड कामगारांच्याच. दसरा झाला की त्यांचे आईबाप टोळीबरोबर कारखान्याला जातात. दिवाळीची सुट्टी लागली की नियमाप्रमाणं वसतिगृहाला कुलूप, आणि गावाकडं घरालाही कुलूप. मग पोरीनं जावं कुठं? कुणी कारखान्यावर पालात जाऊन राहायची, कुणी मामाच्या दारात नको असलेल्या पाहुणीसारखी. एका दिवाळीला एक पोरगी पेटी घेऊन गेटपाशी बसून राहिली, तिला सुभद्राबाई आपल्या दोन खोल्यांच्या घरी घेऊन गेल्या. पुढच्या वर्षी जास्त पोरी आल्या. मग तो रिवाजच पडला.

कुणाची जात कोणती हे सुभद्राबाईंनी कधी विचारलं नाही. सुरुवातीला एक-दोघींनी त्यांच्या घरचं पाणी घ्यायला काचकूच केली म्हणे. बाईंनी काही बोलून दाखवलं नाही. दोन-तीन दिवसांत त्याच पोरी चुलीशी बसून भाकरी थापायला लागल्या आणि सुट्टी संपताना निघेनात. कॉलेजनं या गोष्टीची कधी दखल घेतली नाही, कारण नियमात बसत नव्हतं.

आमच्याकडं वर्धापन दिनाला एका प्राध्यापकाचा आणि एका कर्मचाऱ्याचा 'गुणवंत' म्हणून सत्कार करतात. कर्मचारी म्हणजे बहुतेक ऑफिसातलाच कुणीतरी, कारण नाव सुचवणारेही ऑफिसातलेच. एका वर्षी मी सुभद्राबाईंचं नाव लावून धरलं. सोळंके सरांनी साथ दिली, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. नाव मंजूर झालं. बाई ऐकून नुसत्या हसल्या आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

पोळ्याच्या आसपासचे दिवस होते. वर्धापन दिनाच्या सकाळी रिवाजाप्रमाणं बातमी लिहिली, बाईंचा फोटो जोडला आणि ग्रुपवर टाकली. मंडप सजला, पोरी नटूनथटून आल्या. आणि साडेदहाच्या सुमारास निरोप आला की संस्थेचे एक जुने संचालक वारले. लगेच कार्यक्रम रद्द, दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली आणि कॉलेजला सुट्टी. मी ग्रुपवर 'आधीची बातमी रद्द' असं टाकलं, शिवाय एकेकाला फोन लावले. सगळे सापडले, एक बालाजी सोडून. बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारा हा आमचा वार्ताहर त्या दिवशी सेलूला भाचीच्या लग्नाची बोलणी करायला गेला होता. जाताना बातमी पुढं पाठवून, मोबाईल बंद करून गेला. पाहुण्यांसमोर वाजू नये म्हणून, असं नंतर सांगत होता.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात, एकाच पानावर, वर संचालकांचं निधन आणि खाली आमच्या कॉलेजात सुभद्राबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, 'उत्साहात'. पाहुण्यांनी न्यूनगंड सोडायला सांगितलेलं होतंच. प्राध्यापकाचं नाव खालच्या परिच्छेदात होतं, ते कात्रीत गेलं. प्रभारी प्राचार्य पेपर घेऊन धावतच ऑफिसात आले. माणूस सज्जन, पण सावलीला भिणारा. संचालकांच्या घरच्यांनी वाचलं तर काय म्हणतील, की इकडं माणूस गेला आणि हे उत्साहात शाली वाटायलेत? नशिबानं त्या घरी पेपर वाचायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. पण प्राचार्यांनी ठरवून टाकलं की यापुढं या विषयाचं नाव काढायचं नाही. प्राध्यापकाचा सत्कार पुढं शिक्षकदिनात उरकून घेतला. बाईंचा राहिला, कारण तो छापून आला होता.

म्हणजे बघा, गंमत कशी आहे. सत्कार परत करावा तर बातमी द्यावी लागणार, आणि बातमी दिली तर मागची खोटी होती असं कबूल करावं लागणार. कात्रण फाईलला लागलं होतं. कॉलेजच्या दृष्टीनं सत्कार झाला होता. मी दोन-तीनदा विषय काढला, तर प्राचार्य म्हणाले, पुढं बघू. बाईही काही बोलल्या नाहीत. दिवाळी आली, पोरी त्यांच्या घरी राहून आल्या. मलाही वाटलं, विसरल्या असतील.

संक्रांत झाल्यावर एक दिवस दुपारी त्या ऑफिसात आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"भाऊसाहेब, माझा सत्कार झालाय का न्हाई?"

मी म्हणालो, पेपरात झालाय.

"ते म्या वाचलं. खरा झालाय का?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी सगळं सांगितलं. तो पेपर सोनपेठला पोचला होता. कुणीतरी तात्यांना वाचून दाखवला. म्हाताऱ्यानं कात्रण लॅमिनेशन करून घेतलं आणि बुद्धाच्या तसबिरीखाली लावलं, वस्तीत पेढे वाटले. आमच्या घरात पेपरात आलेलं पहिलं माणूस, असं जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगतात. आणि लेक माहेरी गेली की विचारतात, शाल कुठंय? थंडीची आण की, मी पांघरतो. बाईंनी पहिल्यांदा खरं सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, पेपर काय खोटं छापतो? मग बाई बोलून गेल्या की शाल कॉलेजात कपाटात ठेवलीय.

"बापाला म्या जन्मात खोटं बोलले न्हाई," त्या म्हणाल्या. "आता जाईन तवा बोलायलेय. आन् मला उन्हाळ्यात रिटायर व्हायचंय. तवर झालं न्हाई तर हे खोटं तसंच ऱ्हाईल."

इतकी वर्षं आधी बातमी लिहिली आणि एकदाही तिचं पुढं काय झालं ते बघायला गेलो नव्हतो. बातमी जाते आणि लोकांच्या भिंतीवर जाऊन बसते, हे त्या दिवशी मला कळलं.

तडक प्राचार्यांकडं गेलो. ते म्हणाले, आता दोन-चार महिन्यांत निरोप समारंभ आहेच, तेव्हा शाल देणारच आहोत, एकच गोष्ट. हे मी बाईंना येऊन सांगितलं. बाई पहिल्यांदाच चिडलेल्या पाहिल्या. ती शाल सगळ्यांनाच देतात, म्हणाल्या. नोकरीभर झोपा काढल्या त्यालाही देतात. ती काम सुटल्याची शाल, मला कामाची पाहिजे. मी परत प्राचार्यांकडं. ते म्हणाले, मग केबिनमध्ये चौघांत देऊन टाकू, कुणाला कळायला नको. मी परत बाईंकडं.

"केबिनीत न्हाई. पोरीसमोर," त्या म्हणाल्या. "दार लावून दिलेली शाल घरी नेली तर चोरून आणल्यावानी वाटंल. आन् तात्याला बोलवायचंय."

या फेऱ्या मारता मारता माझा जीव मेटाकुटीला आला. पण बाई हटेनात आणि खरं सांगायचं तर त्या हटू नयेत असं मलाही वाटायलं होतं. शेवटी मी प्राचार्यांना म्हणालो, सर, कार्यक्रम करू, बातमी द्यायची नाही. बातमी नाही, तर मग कार्यक्रम कशाला, असं अगदी मनापासून विचारलं त्यांनी. यात त्यांचा दोष नाही. आमच्याकडं झाडसुद्धा फोटोग्राफर आल्याशिवाय लावत नाहीत. मी म्हणालो, बातमी देणारा मीच आहे. मी दिली नाही तर येणार कुठून? माझी जबाबदारी. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि मग हो म्हणाले. त्या एका 'हो'बद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. भित्र्या माणसाला 'हो' म्हणायला फार धाडस लागतं.

होळीच्या आधीचा एक रविवार धरला. जागा वसतिगृहाचं जेवणघर. पोरींना मोबाईल खोलीत ठेवून यायला सांगितलं. स्टेज नाही, बॅनर नाही, पाहुणे नाहीत. सोळंके सर सवयीनं पहिल्या रांगेत बसले आणि मला हळूच विचारलं, फोटोवाला कधी येणार? मी म्हणालो, येणार नाही, आणि बातमीही नाही. मला वाटलं उठून जातील. तर त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला आणि पोरींबरोबर ताटं मांडायला लागले. इतक्या वर्षांत मला तो माणूस तेव्हा कळला.

तात्या वस्तीतल्या दोघांना घेऊन सकाळच्या एसटीनं आले होते. वाकलेले, पण पांढरंशुभ्र धोतर. लेकीचा परत सत्कार आहे एवढंच त्यांना माहीत होतं. पोरींनी उठून आपापल्या दिवाळ्या सांगितल्या. एकीला ताप आला तर बाई रात्रभर उशाशी कशा बसल्या, एकीला आईची आठवण आली तर बाईंनी कारखान्यावर मुकादमाला फोन लावून बोलणं कसं करून दिलं. प्राचार्यांनी बाईंच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. मग बाईंना बोलायला सांगितलं. त्या आमच्याकडं वळल्याच नाहीत, सरळ बापासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तात्या, पेपरात आलं तवा काईच झालं न्हवतं. शाल कपाटात हाय म्हणले, ते खोटं होतं. शाल आज भेटली."

तात्या लेकीकडं बघायले, मग शालीकडं. मग त्यांनी विचारलं, मागचं पेपरातलं खोटं होतं का? आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

मी पुढं झालो. म्हणालो, "खोटं नव्हतं तात्या. लवकर छापलं."

"लय लवकर छापलं की," तात्या म्हणाले. "आमी पेढे वाटून बसलो."

मग त्यांनी सोबतच्या दोघांकडं पाहिलं आणि म्हणाले, आता परत वाटावे लागतील. आधी एक पोरगी फिसकन हसली, मग सगळं जेवणघर हसलं. बाई हसता हसता रडायला लागल्या, आणि तात्यांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. रागावले नाहीत. लेकीनं खोटं सांगितलं याचा एक शब्द काढला नाही. मला तिथंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलो. नोकरीत किती मान्यवरांच्या पाया रीत म्हणून पडलो, पण मनानं पडलो तो तेवढाच.

जेवणं झाल्यावर मी त्यांना सोनपेठच्या गाडीत बसवायला बसस्टँडवर गेलो. फाल्गुनाचं ऊन, आणि तात्यांनी ती लोकरीची शाल अंगभर पांघरलेली. बाईंनीच गेटपाशी स्वतःच्या खांद्यावरची काढून त्यांच्या खांद्यावर घातली होती. समोरून बालाजी दुकान सोडून आला आणि नेहमीसारखं विचारलं, काई हाय का भाऊसाहेब आज?

माझा हात नुसता शिवशिवायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं झालेली बातमी होती, एकही शब्द पदरचा घालायची गरज नव्हती. प्राचार्यांना दिलेला शब्द आठवत होता, पण मोडावासा वाटत होता. मी तात्यांच्या खिडकीशी गेलो आणि विचारलं, तात्या, देऊ का पेपरात? आता खरी आहे.

तात्यांनी शाल गळ्याशी घट्ट धरली.

"नगं सायब. मागल्या बारीला पेपरात आलं आन् झालं न्हाई. आता झालंय, तर ऱ्हाऊ द्या."